नदीकाठी जबडा सापडला? या चुका टाळा

गिरणेच्या काठी दातांसकट हाडाचा तुकडा निघाला की पहिला शब्द ‘डायनासोर’. आधी पायाखालचा थर बघा. खानदेशातला काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात हाड मिळत नाही, मिळालंच तर दोन थरांमधल्या गाळात. तापी-गिरणेचा गाळ तर फारच अलीकडचा. चाळीसगावजवळच्या पाटण्याची शहामृगाच्या अंड्यांची कवचंसुद्धा डायनासोर संपल्यावर कोट्यवधी वर्षांनंतरची. महाराष्ट्रात डायनासोरची हाडं हवीत तर चंद्रपूरकडचं पिसदुरा गाठा.

मग दात बघा. लहान शाकाहारी डायनासोरचा दात पानासारखा, कडेला बारीक दाते, आणि जबड्याच्या मोडलेल्या कडेतून खालचा नवा दात डोकावतो. शेळी-गाईच्या दाढेला एकाहून जास्त मुळं आणि वर चंद्रकोरीसारख्या इनॅमलच्या घड्या असतात. शिवाय सस्तन प्राण्याचा खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा. सरपटणाऱ्यांचा अनेक हाडं सांधलेला. गारगोटीच्या पोकळीतल्या स्फटिकांच्या रांगेला दात समजू नका, एवढंच.

आता सगळ्यात महागात पडणारी घाई: धुणं. ओल्या चिकणमातीतला तुकडा घरी आणून नळाखाली धरतात, टूथब्रशने घासतात, वर गच्चीवर उन्हात ठेवतात. पाण्याने हाडातली माती फुगते, उन्हात ती एकदम आकसते, आणि संध्याकाळपर्यंत हाड उभं चिरतं, दाताचं इनॅमल कपच्यांनी सुटतं. मग घाबरून फेविक्विक. ते सेकंदात धरतं, त्यामुळे तुकडा वाकडा बसतो आणि सोडवताना हाडाचा पापुद्रा सोबत येतो. दोन दिवस थांबायचं नसेल तर हात लावू नका, बरं.

तुकडा मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळा आणि सावलीत सावकाश वाळू द्या. सुकलेली माती बांबूच्या काडीने, भिंगाखाली. १०० मिली ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ (हाड घट्ट करणारी ॲक्रिलिक राळ) विरघळवून मऊ ब्रशने थेंब-थेंब मुरवा. हाड पूर्ण कोरडं नसेल तर पांढरा पडदा येतो. ॲसिटोनऐवजी नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. जोडायला हेच द्रावण घट्ट करा, तुकडे वाळूच्या ताटात उभे धरून ठेवा.

हाड जीवाश्म आहे का हे ठरवायला जीभ लावून चिकटतं का बघणं फसवं. वाळलेलं शेळीचं हाडही चिकटतं.

हाडाभोवतालची मूठभर माती वेगळ्या पिशवीत ठेवा, थर त्यावरून कळतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई ॲसिटोनने पसरते.