लाल दिसलं की चोळू नका: रक्ताधिक्य ओळखताना या चुका टाळा

अंगाचा भाग लाल दिसला की "इथे रक्त जास्त आलंय" म्हणून मोकळं व्हायचं, ही चूक मी वॉर्डात रोज ऐकते. रक्त जास्त आहे, कबूल. पण ते जास्त येतंय, की आलेलं परत जात नाहीये? धमनिका, म्हणजे रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या, रुंदावून ताजं रक्त भरभरून आलं की भाग लालबुंद आणि गरम होतो. व्यायामात स्नायूंत हेच घडतं, जखमेभोवतीही हेच. हे खरं रक्ताधिक्य, म्हणजे हायपरेमिया. शिरेची वाट अडली तर रक्त साचतं, भाग निळसर पडतो, सुजतो. तो रक्तसंचय.

शस्त्रक्रियेनंतर चार दिवस पलंगावरच असलेल्या एका बाईंची डावी पोटरी दुखत होती. शिकाऊ सिस्टर "रक्त फिरतं करते" म्हणत ती चोळायला बसली. मी चादर बाजूला सारली. डावा पाय उजव्यापेक्षा चांगलाच जाड, कातडी ताणून चकचकीत, रंग जांभळट. तिला लगेच हात काढायला लावला. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, खोल शिरेत गुठळी निघाली. चोळताना गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला असता, तर जिवावर बेतलं असतं. मुलगी मनापासून करत होती, घाई नडली. तेव्हापासून मी दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी बघते, टेपने घेर मोजते. एकच पाय सुजलाय? चोळणं नाही, शेक नाही, आधी डॉक्टर. असा पाय कधी गरमही लागतो, म्हणून नुसत्या उबेवर जाऊ नका.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावरची लाली बोटाने दाबून बघा. पांढरी पडून परत लाल झाली, तर दाब उठल्यावर रक्त धावून आलंय. पांढरी पडतच नसेल तर तो दाबव्रणाचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. तेल चोळू नका, कूस बदला. सावळ्या कातडीवर लाली लपते. तिथे ऊब आणि कडकपणा हाताने चाचपा.

दाबून न जाणारे बारीक लाल ठिपके म्हणजे कातडीखालचा रक्तस्राव, रक्ताधिक्य नव्हे.

डोळ्यांची लाली घालवणारे थेंब रोज घालू नका. बंद केले की लाली दुप्पट जोमाने उलटते.

आणि यकृतात रक्त साचलंय म्हणून विद्यार्थी यकृताचेच उपचार लिहीत बसतात. अशा वेळी आधी हृदयाची उजवी बाजू बघा; ती थकली की रक्त मागे यकृतात तुंबतं.