गजबजलेल्या बाजारपेठेत गाळा भाड्याने घेताना

मोक्याच्या बाजारपेठेतला गाळा बहुतेक जण गर्दी पाहून पसंत करतात आणि तिथेच फसतात. गर्दी वेगळी आणि गिऱ्हाईक वेगळे. त्यामुळे एक कामाचा दिवस व एक सुट्टीचा दिवस निवडून, सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे तासभर गाळ्यासमोर उभे राहून माणसे मोजावीत. त्यांतले किती जण रेंगाळतात आणि शेजारच्या दुकानातून किती जण हातात पिशवी घेऊन बाहेर पडतात, याची नोंद वेगळी ठेवावी. बसथांब्याकडे धावणाऱ्या शंभर जणांपेक्षा काचेपाशी थबकणारे दहा जण मोलाचे.

भाडे कोणत्या क्षेत्रफळावर आकारले जाणार, हे लेखी घ्यावे. सुपर बिल्ट-अप क्षेत्रात जिना, लिफ्ट, मार्गिका यांचा वाटाही धरलेला असतो; माल मांडता येतो तो मात्र चटई क्षेत्रातच, म्हणजे भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेतच, म्हणून टेप घेऊन स्वतः मोजमाप करावे. क्षेत्रफळ सारखे असले तरी रुंद दर्शनी भागाचा गाळा बोळासारख्या खोल गाळ्यापेक्षा सरस ठरतो. ब्रिटनमधील मूल्यांकनाच्या रूढ पद्धतीत रस्त्यालगतच्या पहिल्या ६.१ मीटरच्या पट्ट्याला पूर्ण दर, त्यामागच्या तेवढ्याच पट्ट्याला निम्मा आणि त्याहीमागे पाव दर धरतात. हा हिशेब सगळीकडे चालत नाही. पण मागच्या अंधाऱ्या कोपऱ्याला दाराशी असलेल्या जागेचाच दर का, हे मालकाला विचारायला तो हाताशी असावा.

भाडेवाढीच्या कलमावर मात्र कागद-पेन्सिल घेऊनच बसावे. दर वर्षी ५ टक्के आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के या अटी ऐकायला सारख्याच वाटतात. पहिल्या वर्षाचे एकूण भाडे १०० धरले, तर नऊ वर्षांत पहिल्या अटीने सुमारे ११०३ आणि दुसऱ्या अटीने सुमारे १०४२ भरावे लागतात. म्हणजे फरक पहिल्या वर्षाच्या दराने सात महिन्यांच्या भाड्याहून अधिक. याशिवाय देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि विमा कोणाकडे, तसेच मंजूर वीजभार तुमच्या यंत्रांना पुरतो का, हे आधीच पाहावे. सजावटीच्या काळात भाडेमाफी मिळत असेल, तर ती करारावर सही झाल्यापासून नव्हे, तर प्रत्यक्ष ताबा मिळाल्यापासून मोजली जावी.

मुदतीआधी बाहेर पडण्याच्या अटी, माझ्या मते, भाड्याच्या आकड्याइतक्याच ताणून धराव्यात. लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) किती, ते मालकालाही बांधील आहे का, नोटीस किती दिवसांची, धंदा विकल्यास करार नव्या माणसाच्या नावे करता येतो का, आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळणार, हे मोघम राहू देऊ नये. करारात व्यवसायाचा प्रकार इतकाही काटेकोर लिहू नये की उद्या कपड्यांबरोबर चपला ठेवायलाही परवानगी मागावी लागेल. समोरचा रस्ता खोदला गेला किंवा इमारतीच्या दुरुस्तीसाठी परांचीने फलक झाकला गेला, तर तेवढ्या काळापुरती भाड्यात सूट मागावी. सहीपूर्वी ती मिळू शकते, नंतर क्वचितच.

जागा सोडताना ती मूळ स्थितीत द्यायची अट असेल, तर ताबा घेतानाच फरशी, भिंती, शटर आणि छताची तारखेसह छायाचित्रे काढून, मीटरच्या आकड्यासह दोघांच्या सहीने करारालाच जोडावीत.