गल्लीत परराज्यातलं कुटुंब राहायला आलंय, काय काय करायचं?

सगळ्यात आधी पाण्याचं सांगा. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे आपल्याला माहितीय, पण बिहारवरनं कालच उतरलेल्या बाईला कोण सांगणार? आमच्या शेजारच्या वहिनी पहिल्याच आठवड्यात लेकरू कडेवर घेऊन दोन रिकाम्या बादल्यांपाशी बसल्या होत्या, पाणी रात्री दीडला येऊन गेलेलं. आईनं आमचं निळं टिपाड त्यांच्या दारात नेऊन ठेवलं आणि पुढच्या पाण्याला कडी वाजवून उठवलं, तिथनं बोलणं सुरू झालं.

रेशनकार्ड गावचं असलं तरी वन नेशन वन रेशन कार्डमुळं धान्य इथं मिळतं, फक्त आधार लिंक पाहिजे. दुकानदार नाही म्हणाला तर सोबत जा, मराठी बोलणारं माणूस असलं की फरक पडतो (वाईट वाटतं, पण पडतो). शाळेचंही तसंच, 2009 च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यानं दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून पोराला प्रवेश नाकारता येत नाही. भाडेकरूची पोलिसात नोंद करायला मालकाला आठवण करा.

आता कट्ट्यावरचं. कुणीतरी म्हणणारच, ही बाहेरची लोकं कशाला. तिथं गप्प बसू नका, भांडूही नका, विचारा की सोलापुरी चादर कुणी विणली? पद्मशाली विणकर तेलंगणातनं आले, घरात तेलुगू बोलत राहिले, आणि आज त्यांच्या मागावरनं आपलं गाव देशभर ओळखतात. नारळी पौर्णिमेला त्यांच्या मार्कंडेय ऋषींचा रथ निघतो तेव्हा आपण सगळेच रस्त्याला उभे असतो ना. आपलीच पोरं पुण्याला खोल्या शोधत फिरतात, त्यांना तिथं कुणी दारातनं हाकललं तर कसं वाटेल?

निर्वासितांचा विषय निघाला तर कोल्हापूरजवळचं वळिवडे सांगा, दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेल्या हजारो पोलिश बायका-पोरांना तिथं कॅम्पमध्ये आसरा मिळाला. आणि आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 ला चीनला गेले, जखमींची सेवा करत 1942 ला तिथंच वारले, त्या लोकांनी त्यांना कधी परकं मानलं नाही. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, म्हणजे जीव वाचवून आलेल्या माणसाकडं हक्काचा कागद फार थोडा असतो, म्हणूनच मला वाटतं शेजाऱ्यावर जबाबदारी जास्त येते.

सणाला ताट पाठवा, पण काय चालतं ते आधी विचारून घ्या. ताट परत येताना रिकामं येणार नाही, त्यात ठेकुआ (बिहारकडचा तळलेला गोड पदार्थ) असेल नाहीतर नुसती साखर असेल, नको नको म्हणू नका, त्यांच्यासमोरच एक घास खा.