कानात रातकिडे ओरडतायत आणि झोप येत नाही? हे करून बघा

दिवसभर गाड्यांचे हॉर्न, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात म्हणून कानातला आवाज दबून जातो, रात्री सगळं शांत झालं की तोच कुंई आवाज एकदम मोठा वाटायला लागतो, मग टेन्शन, टेन्शनने झोप उडते आणि झोप नाही झाली की दुसऱ्या दिवशी तो अजूनच छळतो. म्हणजे हे चक्र आहे, ते कुठंतरी तोडायचं.

पहिलं म्हणजे खोली एकदम शांत ठेवूच नका. पंखा लावा, नाहीतर मोबाईलवर पावसाचा आवाज, पण व्हॉल्यूम कानातल्या आवाजापेक्षा थोडा कमीच ठेवा, तो पूर्ण झाकायचा नाहीये, मेंदूला त्याची सवय व्हायला पाहिजे. इयरप्लग घालून झोपू नका, आवाज अजून जाणवतो (बरेच जण नेमकं हेच करतात!).

साधारण २० मिनिटांत झोप नाही लागली तर कूस बदलत पडून राहू नका, उठून मंद लाईटमध्ये काहीतरी बोअरिंग वाचा, झोप आली की परत आडवे व्हा. घड्याळात बघायचं नाही. रात्री कितीही जागरण झालं तरी सकाळी उठायची वेळ तीच, आणि संध्याकाळचा चहा बंद.

एकदा ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे) जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी, करून घ्या, कधीकधी नुसता मळ निघतो. पण एकाच कानात आवाज असेल, नाडीसारखा ठकठक येत असेल तर टाळू नका, आणि अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.