अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर पुवाच्या पुटकुळ्या दिसल्या तर

32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या त्वचेचा वरचा थर इतका पातळ असतो की चिकटपट्टी ओढली तरी सोलवटतो. तिथूनच स्टॅफिलोकोकससारखे जंतू शिरतात आणि रक्तापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागत नाही.

रोज एकदा, उबदार खोलीत, उजेडात बाळ पूर्ण उघडं करून पाहा. मान, काखा, जांघा यांच्या घड्या अलगद उकला. बेंबी आणि सलाइनची सुई टोचलेल्या जागा पाहा. पुवाच्या पुटकुळ्या मोजा. 10 किंवा जास्त असतील, किंवा एकच पण मोठं गळू असेल, तर गंभीर संसर्ग समजून लगेच रुग्णालय गाठा. बेंबीभोवतीची लाली पोटावर पसरणं, कातडी कडक किंवा निळसर होणं, भाजल्यासारखी सोलून निघणं, यांतही थांबू नका.

पुटकुळ्या मोजक्या असल्या तरी बाळ नीट पीत नसेल, मलूल असेल, झटके येत असतील, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर तीच घाई करा. काखेतलं तापमान 99.5 फॅरनहाइट किंवा वर गेलं तर धोका आहेच. पण या बाळांना जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही, अंग गारही पडतं. 95.9 च्या खाली उतरलं तर तेवढंच गंभीर.

पुटकुळ्या 10 पेक्षा कमी आणि बाळ छान पीत असेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरी करायचं ते असं: हात साबणाने धुवा, पू आणि खपली साबण-पाण्याने हलकेच पुसा, जागा टिपून कोरडी करा, 0.5 टक्के जेन्शन व्हायोलेट (जंतू मारणारं जांभळं औषध) लावा, पुन्हा हात धुवा. दिवसातून दोनदा, 5 दिवस. दोन दिवसांनी पुन्हा दाखवा. पुटकुळी फोडू नका. दाबल्याने पू आत पसरतो. हळद, राख, तेल, डाळीचं पीठ बेंबीला किंवा पुटकुळ्यांना लावू नका. घरातली मोठी माणसं मायेनेच सांगतात, पण नाळ कोरडी राहिलेलीच बरी.

रुग्णालयात न्यायचं असेल तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. सरकारी रुग्णालयात तान्ह्या बाळाचे उपचार आणि नेआण मोफत आहे. वाटेत बाळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून, टोपी घालून ठेवा आणि पीत असेल तर पाजत राहा. डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या: आधी कोणती प्रतिजैविकं दिली होती, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.