गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परतलेला खेळाडू कसा बघावा

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या कोचिंग स्टाफमध्ये नवीन लागलात की जुलैत शाळकरी खेळाडू बघायला जावं लागतं. माझ्या पहिल्याच जुलैत मी एका मुलाच्या नावापुढे 'घ्यावा' असं लिहून आले होते. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य अस्थिबंधाच्या, ऑपरेशनला 10 महिने झालेले आणि सामन्यात 22 गुण! आमच्या ज्येष्ठ कोचनी एवढंच विचारलं, "ले-अपला कुठल्या पायावर उडाला?" मला सांगता येईना.

व्हिडिओ पुन्हा लावला. ले-अप म्हणजे धावत येऊन, उडी घेऊन बास्केटजवळून बॉल टाकणं. उजव्या हाताने ले-अप मारणारा खेळाडू एरवी डाव्या पायावर उडतो. याचं ऑपरेशन डाव्याच गुडघ्याचं, आणि हा दरवेळी दोन्ही पाय जुळवून, क्षणभर थांबून मग उडत होता. खाली येताना सगळा भार उजव्यावर. डाव्या पायावर त्याचा भरवसाच बसला नव्हता.

तेव्हापासून गुण मी शेवटी बघते. आधी वॉर्म-अप, कारण तिथे मुलं बेसावध असतात. मग बचाव. शूटरच्या अंगावर धावून जाताना एकदम थांबायचं असतं, तेव्हा दुखरा गुडघा वाकतो की ताठ राहतो? पळणं लवकर जमायला लागतं, थांबणं फार उशिरा. त्याच दिवशीचा दुसरा सामनाही बघाच. पाय थकले की लांबचे शॉट रिंगच्या अलीकडेच पडतात. घरी आल्यावर दुखापतीआधीचं फुटेज शेजारी लावा.

नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून ऑपरेशनची तारीख विचाराच. दुखऱ्या पायात चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के ताकद आली आहे का, तेही विचारा. हे कागद घरच्यांच्या संमतीनेच मिळतात. आईवडिलांशी सबुरीने बोला. त्यांनी ते महिने जवळून बघितलेले असतात.

जुन्या रँकिंगवर विसंबू नका. हॅरी जाइल्स शाळेत असताना देशातल्या अव्वल खेळाडूंत गणला जायचा. 2013 मध्ये त्याचा डावा गुडघा गेला, 2015 मध्ये उजवा. ड्यूक युनिव्हर्सिटीकडून 2016-17 मध्ये तो 26 सामने खेळला, सरासरी 3.9 गुण. रँकिंग झालं होतं ते आधीच्या पायांचं.

माझ्या त्या मुलाला बघायला मी जानेवारीत परत गेले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो डाव्या पायावर उडाला, बॉल बोर्डला लावला आणि दोन्ही पायांवर सारखा भार टाकत उतरला. मी वहीत घड्याळातली वेळ लिहून घेतली.