जुन्या हॉर्न पेटीचा वूफर बदलताना या चुका टाळा

"काका, वूफर गेलंय की ओ. पंधरा इंची कुठलंबी चालतंय काय?" श्रावण लागला की निपाणी, चिकोडी, खानापूरकडून वूफरसाठी, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी, असे फोन माझ्या बेळगावातल्या शहापूरच्या दुकानात सुरू होतात. कुणाकडे बंद पडलेल्या टॉकीजमधल्या पेट्या असतात, कुणाकडे वडिलांनी हौसेने घेतलेल्या क्लिप्श कंपनीच्या ला स्काला. उत्तर एकच, कुठलाही चालत नाही. हॉर्न पेटीत, म्हणजे कर्ण्यासारख्या रुंदावत जाणाऱ्या वाटेने आवाज बाहेर टाकणाऱ्या पेटीत, वूफर नुसता बसवलेला नसतो, पेटी आणि वूफर मिळून एकच यंत्र असतं.

पण त्याआधी वूफर खरंच गेलाय का ते बघा. निपाणीच्या एका पेटीत तो धडधाकट होता. मागच्या बंद कप्प्याचं झाकण पावसात फुगून एका कोपऱ्यात उचललं होतं. ४०-५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावून सांध्याजवळून उदबत्ती फिरवली, तर त्या कोपऱ्यात धूर थरथरायला लागला. झाकण रंधून नवी फोमपट्टी लावली आणि खर्ज परत आला. नवा वूफर घेतला असता तर पैसे गेले असते आणि दोष तसाच राहिला असता.

वूफर बाहेर काढलात तर चार बोटं कोनवर, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या कागदी पडद्यावर, सारखी पसरून हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कोनमागची तारेची कॉइल घासतेय. मग मीटर लावा. ८ ओहमची कॉइल साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवते. काहीच दाखवत नसेल तर आधी कोनपासून टर्मिनलपर्यंतची लवचीक वेणीदार तार बघा, बऱ्याचदा तीच तुटलेली असते.

कॉइल जळली असली तरी सांगाडा आणि मॅग्नेट टाकू नका. मूळ वजनाचा कोन आणि मूळ मापाची कॉइल मिळाली, तर नवा कोन बसवणं हा माझ्या मते पहिला पर्याय आहे, बदली वूफर दुसरा. आपल्याकडच्या पावसात कागदी कोनला बुरशी येते, कापडी कडा कडक होतात, पण मॅग्नेट टिकतं. फक्त अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं) मॅग्नेट असेल तर ते आपटू नका. दणक्याने आणि अतिपॉवरने त्याचं चुंबकत्व कमी होतं.

इंच आणि वॅट बघून घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती माझ्या हातून झालेली आहे. खानापूरच्या एका घरच्या ला स्कालासाठी मी पंधरा इंची, जाड रबरी कडेचा, भल्यामोठ्या मॅग्नेटचा वूफर आणला. दुकानदार म्हणाला, "हजार वॅट हाय, बघायचं कामच नाही." बसवला, घरमालकांनी भीमसेन जोशींचा यमन लावला आणि पहिल्या आलापातच कळलं. वरचे हॉर्न पुढे येऊन ओरडत होते. गळ्याचा भरदारपणा नाही, डग्ग्याची घुमारी नाही. पट्टीचे कान होते त्यांचे. ते नुसतं म्हणाले, "पंडितजी बारीक झाले की ओ."

झालं होतं असं. हॉर्न हवेचा भार कोनवर आणतो, त्यामुळे कोनला फार हलावं लागत नाही. लांब उडी मारणारा जड कोन तिथे ओझंच. त्याला हवा हलका कोन आणि जोरकस मॅग्नेट. त्या वूफरची संवेदनशीलता ९० डेसिबलच्या घरातली. मूळ पेटी एका वॅटला १०० च्या वर देणारी. १० डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला दहापट पॉवर.

म्हणून वूफरच्या माहितीपत्रकावर तीन आकडे बघा: एफएस (वूफर मोकळा असताना ज्या हर्ट्झला आपोआप घुमतो ते), क्यूईएस (मॅग्नेट आणि कॉइल कोनला किती आवरतात ते, आकडा लहान तितकी पकड जास्त) आणि क्यूटीएस (सगळी मिळून पकड). एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर १०० च्या वर आलं तर पुढचा विचार करा, ५० च्या आसपास आलं तर तो वूफर साध्या बंद पेटीचा. त्याच भागाकाराची दुप्पट केली की कोनचं वजन कुठून आड यायला लागतं ते कळतं. एफएस ३५, क्यूईएस ०.२५ असेल तर २८० हर्ट्झ. एफएस ३० आणि क्यूईएस ०.६ असेल तर १००. ही भिंत नाही, तिथून पुढे आवाज हळूहळू उतरतो. पण ला स्कालात वूफरला ४०० पर्यंत गायचं असतं. १०० पासूनच उतार लागला तर पुरुषी गळ्याचा गाभाच जातो.

क्यूटीएस साधारण ०.२ ते ०.४ मध्ये असावा. मात्र सगळ्या पेट्या सारख्या नाहीत. ला स्कालाचा मागचा कप्पा बंद असतो. अल्टेक कंपनीच्या ए-७ या टॉकीजच्या पेटीत पुढे छोटा हॉर्न आणि मागे पोर्टची, म्हणजे हवेला भोक ठेवलेली, पेटी असते. एकीला जमलेला वूफर दुसरीला जमेलच असं नाही.

बसतोय म्हणजे जमला, असं नाही

नव्या वूफरची रबरी कड उंच असते, ती जोरात वाजताना समोरच्या फळीला आपटते. त्यावर आपला सुतार प्लायची रिंग घालून मोकळा होतो. पण १२ मिलिमीटरच्या रिंगने कोनपुढच्या पोकळीत लिटरभराहून जास्त हवा वाढते, आणि ती पोकळी वरचे सूर गिळते. रिंग घालायचीच तर कड सुटेल एवढीच. फेराइटचं मॅग्नेट मागे टेकत नाही ना, तेही आधी मोजा.

ओहमच्या बाबतीत पेटीवरच्या पाटीवर विसंबू नका. ला स्कालाच्या पाटीवर ८ असतं, पण तिच्या के-३३ वूफरची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवते. हॉर्नचा भार आला की ओहम वर चढतात. उलट जुन्या टॉकीजच्या पेट्यांत १६ ओहमचे वूफर सापडतात. तिथे ८ चा घातला तर साध्या एका कॉइलच्या क्रॉसओव्हरचा, म्हणजे वूफर आणि वरच्या हॉर्नमध्ये सूर वाटणाऱ्या सर्किटचा, बिंदू निम्म्यावर येतो, ५०० चा २५०. मधली जागा रिकामी.

बसवण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन बाहेर येतो की आत जातो ते बघा. जेबीएल कंपनीच्या जुन्या वूफरमध्ये लाल टर्मिनलला धन जोडलं की कोन आत जातो. जुना एक, नवा एक अशी जोडी असेल तर हे तपासायलाच हवं. जमल्यास दोन्ही बाजूंना एकच मॉडेल घाला.

आणि जुना वूफर जळला कशाने, ते शोधा. हॉर्नच्या मर्यादेखाली हवेचा भार निघून जातो आणि कोन मोकाट उड्या मारतो. ला स्काला पन्नासेक हर्ट्झपर्यंतच. मंडळाच्या मांडवात कुणी ३० हर्ट्झचा ठोका त्यात कोंबला असेल, तर अॅम्प्लिफायरच्या आधी ४० ते ५० च्या दरम्यान हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा आणि मगच नवा वूफर पेटीत घाला.